पावणेसात मेंबर

"महाभियोग! महाभियोग लावतो मी! तिकडं अमेरिकेच्या अध्यक्षाले लावतेत, मंग तुही बायको कोन लागून गेली बे?"

उपसरपंच भर रस्त्यात उभा राहून माझ्यावर ओरडत होता. ओरडत होता म्हणणं हा त्याचा अपमान आहे. आमच्या या उपसरपंचाचा आवाज असा, की त्यानं जेवताना बायकोला मीठ मागितलं तर शेजारच्या तीन घरांतून वाट्या येतात. त्या सकाळी त्यानं पहिली आरोळी ठोकली तेव्हा तिकडं जानेफळच्या बाजारात एका बाईनं दचकून घासाघीस न करता वांगी घेतली. हे मला खुद्द त्या वांगीवाल्यानं सांगितलं, आणि भाजी विकणारा माणूस खोटं कशाला बोलेल?

भांडण बसथांब्याचं होतं. आमच्या गावाला मेहकरच्या गाडीसाठी एक चांगली सिमेंटची शेड आहे, आत बाक आहे, वर पत्रा आहे. फक्त ती बांधल्यापासून तिच्यात माणूस कधी बसला नव्हता. उपसरपंच तिच्यात सोयाबीनचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, ठेवायचा. "भाव वाढला का इकतो," असं म्हणायचा. भाव काही वाढत नव्हता, उंदीर मात्र वाढले. त्या शेडमधले उंदीर असे पोसले होते की गावातली मांजरं वाट बदलून जायची. आणि कॉलेजच्या पोरी, दवाखान्याच्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बाया बाहेर उन्हात गाडीची वाट पाहत उभ्या.

माझी बायको गावची सरपंच. मेंबरांनी आपसात निवडलेली नव्हे, साऱ्या गावानं बटण दाबून थेट बसवलेली. तिनं उपसरपंचाला तोंडी सांगितलं, लेखी सांगितलं, त्याच्या बायकोकडून सांगवलं. शेवटी त्या सकाळी चार माणसं लावून सारे कट्टे बाहेर काढले, झाडाखाली नीट रचले, वर ताडपत्री टाकली, शेड धुऊन घेतली आणि स्वतः जाऊन बाकावर बसली. तिच्या एका बाजूला कॉलेजच्या दोन पोरी, दुसऱ्या बाजूला दवाखान्यात निघालेली एक म्हातारी, आणि टोकाला आमच्या गावातली वकीलबाई. बुद्धविहाराच्या मागं तिचं घर, मेहकरच्या कोर्टात वकिली करते. काळा कोट घडी करून हातावर टाकला होता.

"उतर म्हन तिले खुर्चीवरून!" उपसरपंच मला म्हणाला.

"खुर्ची कुठी आहे? बाकावर बसली ते," मी म्हणालो.

"भाऊजी," बायको आतूनच म्हणाली, "जरा बाजूले सरका. गाडी आली त तुमच्या आंगावर येईन."

उपसरपंच सरकला नाही. सलूनमध्ये मोबाईलवर कुणीतरी त्याला अमेरिकेच्या बातम्या दाखवल्या होत्या, आणि तेव्हापासून महाभियोग हा शब्द त्याच्या तोंडात बोरासारखा घोळत होता. आता तो थुंकून टाकायची संधी मिळाली होती.

"काका," वकीलबाई शांतपणे म्हणाली, "महाभियोग राष्ट्रपतीवर चालवतात. सरपंचावर अविश्वास ठराव आणतात."

"जे असन ते आनतो! आजच आनतो!"

"आज नाही आणता येत. निवडून आल्यापासून दोन वर्षं व्हायची आहेत अजून."

"अन् झाल्यावर?"

"झाल्यावर तीन चतुर्थांश मेंबर लागतात."

आमच्या पंचायतीत नऊ मेंबर. उपसरपंचानं बोटं मोजली, हवेत भागाकार केला, पुन्हा बोटं मोजली. मग त्याचा चेहरा पडला.

"पावनेसात येऊन राह्यले. आता पाऊन मेंबर कुठून आनू?"

"काऊन? तुमच्यापाशी एक आहे नं," म्हातारी म्हणाली. "दुपारून जो आर्ध्या शुद्धीत असते तो."

कॉलेजच्या पोरी तोंडाला ओढणी लावून हसल्या. वकीलबाईही हसली, पण कोर्टात हसायची तशी, दात न दाखवता. "पाऊण चालत नाही काका. सात पाहिजेत. आणि सात मिळाले तरी भागत नाही. मग ग्रामसभा बसते, साऱ्या गावाचं मतदान होतं, चिठ्ठी टाकून. गावानं बसवली, गावानंच उतरवायची. अन् मेंबरांतच ठराव पडला, तर पुढं दोन वर्षं पुन्हा नाव काढायचं नाही."

"मंग अमेरिकेत कसं काय फटाफट लावतेत?"

"लावतात. पण उतरत कोण आहे?" ती म्हणाली. "तिकडं खालच्या सभागृहात साध्या बहुमतानं आरोप लागतो. काढायला मात्र वरच्या सभागृहात दोन तृतीयांश लागतात, तिथं गाडी अडते. आरोप लागले, भाषणं झाली, पण मतदान होऊन अध्यक्षाची खुर्ची गेली असं अजून एकदाही झालं नाही. आपल्या राष्ट्रपतीला काढायचं तर घटनेचा भंग दाखवावा लागतो, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश लागतात. आपल्याकडं तर तो कधी चाललाच नाही."

एवढ्यात मेहकरची गाडी आली. वकीलबाई, पोरी, म्हातारी सगळ्या चढल्या. उरलेला कायदा वकीलबाईनं खिडकीतून सांगितला, पण डिझेलच्या धुरात तो अर्धाच गावापर्यंत पोचला.

मी मात्र रस्त्यात उभा राहून मनातल्या मनात गणित करत राहिलो, आणि माझी छाती अशी फुगली की शर्टाची दोन बटणं उडून शेडच्या पत्र्यावर वाजली. अमेरिकेचा अध्यक्ष दोन तृतीयांशात जातो. दिल्लीतला राष्ट्रपती दोन तृतीयांशात जातो. माझी बायको तीन चतुर्थांशाशिवाय हलत नाही! मी हे जाऊन पानठेल्यावर सांगितलं, पिठाच्या गिरणीवर सांगितलं, आणि सुलतानपूरला साडूच्या घरी मुद्दाम फटफटीवर जाऊन सांगितलं. साडूला राजकारणात रस नाही. त्याला दोनदा सांगावं लागलं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पाहा, राष्ट्रपतीच्या घरी नवरा एवढा बोलत नसन."

दोन वर्षं व्हायची होती ती झाली. या काळात उपसरपंचानं कट्टे विकले नाहीत. आपल्या ओसरीत रचले आणि रोज त्यांच्यावर बसून बसथांब्याकडं बघत राहिला. तिकडं बाकावर कुणी पाय पसरून बसलं की याच्या पोटात दुखायचं. मुदत संपली आणि सोयाबीन सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, ऐन धांदलीत तहसीलला ठरावाचा कागद गेला. सरपंच मेंबरांना विश्वासात घेत नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. अध्यक्षाला काढायला गुन्हा दाखवावा लागतो. सरपंचाला काढायला विश्वास उडाला एवढं पुरतं. विश्वास कशानं उडाला हे विचारायची सोय कायद्यात नाही, आणि विचारलं असतं तर कट्टे असं लिहावं लागलं असतं.

आता हे सात कोण, ते सांगतो. नऊ मेंबरांत चार गडी आणि पाच बाया. चारही गडी उपसरपंचाचे, त्यात तो स्वतःही आलाच. पाच बायांपैकी दोघी माझ्या बायकोच्या बाजूच्या, त्या फुटणं शक्य नव्हतं. राहिल्या तीन. या तिघी निवडून आल्यापासून पंचायतीत कधी आल्या नव्हत्या. त्यांचे नवरेच यायचे, त्यांचे नवरेच बोलायचे, चहाही त्यांचे नवरेच प्यायचे, आणि गावही त्या नवऱ्यांनाच मेंबर म्हणायचं. त्यातली वयानं मोठी ती आमच्या आळीतली काकू. तिच्या सहीचा कागद तिचा नवरा, म्हणजे आमचा काका, घरी घेऊन गेला तेव्हा ती भाकरी थापत होती.

"कायचा कागद हो?"

"पंचायतीचा."

काकूनं पिठाच्या हातानं सही केली. तहसीलला गेलेल्या ठरावावर एका ठिकाणी ज्वारीचं पीठ होतं, हे तिथल्या माणसानं मला शपथेवर सांगितलं.

कागद गेला आणि दुसऱ्याच दिवशी मेंबर सहलीला निघाले. आमच्याकडं अविश्वास ठराव म्हटला की सहल आलीच. मतं किती पाहिजेत ते कायद्यात लिहिलेलं आहे. ती कुठं ठेवायची ते लिहिलेलं नाही. मोकळी ठेवली तर समोरचा उचलून नेतो. म्हणून मतं गाडीत घालायची, दूर न्यायची, खाऊ-पिऊ घालायची आणि बैठकीच्या वेळेला थेट आणून उतरवायची. सोयाबीनचा कट्टा सांभाळणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

बसथांब्यासमोर क्रूझर गाडी उभी राहिली आणि ते एकेक करून चढले. उपसरपंच चढला. त्याचे तीन गडी मेंबर चढले, त्यात तो पाऊणवाला पण होता. मग काका चढला. मग दुसऱ्या मेंबरबाईचा नवरा चढला. मग तिसरीचा. उपसरपंचानं खाली उतरून खिडकीतून बोट दाखवत मोजलं, सात भरले, दार ओढलं. मग एक पिशवी फिरवून सगळ्यांचे मोबाईल गोळा केले, स्वतःचाही त्यात टाकला आणि पिशवी ड्रायव्हरच्या सीटखाली कुलपात. म्हणजे मी फोन करून कुणाला फोडू नये. घरी सगळ्यांनी सांगितलं होतं तिरुपतीला चाललो, नवस आहे.

मी शेडच्या खांबाला टेकून पाहत होतो. सात डोकी मोजली आणि माझा जीव घोट्यापर्यंत खाली गेला. धावत घरी आलो.

"गेलं," मी म्हणालो. "सात झाले. नेले गाडीत भरून."

बायको सोयाबीन चाळत होती. "कोन-कोन गेलं?"

मी सगळी नावं सांगितली. तिची चाळणी थांबली. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की आमच्या लग्नातही तिनं मला इतकं नीट पाहिलं नसेल.

"काकू गेली का?"

"काकू कायले जाईन? काका गेला नं."

"हं," ती म्हणाली आणि पुन्हा चाळू लागली.

मला अजून काही उमगलं नव्हतं, हे मी लपवत नाही. मला ते वकीलबाईनं संध्याकाळी समजावलं, आणि समजावताना ती चांगली दात दाखवून हसली. गाडीत मतं चारच गेली होती. तीन मतं गावात होती, आपापल्या घरी, आणि त्यांच्या पहाऱ्यावरची माणसं मात्र सहलीला गेली होती. तिजोरी घरी ठेवून कुलूप तेवढं नेलं.

मी आनंदानं अशी उडी मारली की डोकं दाराच्या चौकटीला लागलं. ती चौकट अजून तिरपी आहे. म्हणालो, "मंग आपनही गाडी करू! तिघीले बसवू, माहूरले नेऊ!"

"अन् सोयाबीन कोन काढन?" बायको म्हणाली. "तुमी?"

विषय संपला. पण ती दिसत होती तेवढी निवांत नव्हती. त्या आठवड्यात तिनं दोनदा चहात मीठ टाकलं. मी दोन्ही वेळा प्यालो आणि चांगला झाला म्हणालो. खुर्चीचं तिला काही नव्हतं असं ती म्हणायची, पण सकाळी पंचायतीत जाताना वाट वाकडी करून बसथांब्यावरून जायची आणि बाकावर कोण-कोण बसलंय ते पाहून यायची. खुर्ची गेली की दुसऱ्या दिवशी कट्टे आत आणि पोरी बाहेर, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. उपसरपंचानं ओसरीतले कट्टे आधीच दारापाशी आणून ठेवले होते.

मग आभाळ आलं. पाऊस म्हणावा असं नाही, पण सोंगून पडलेल्या सोयाबीनला ओलं करायला पुरेल एवढं. काकूचं रान आमच्या रानाला लागून. काका गाडीत, मजूर मिळेना, आणि काकू एकटी पेंढ्या गोळा करत धावत होती. बायकोनं पदर खोचला आणि बांध ओलांडून तिच्या रानात. मागून मी. दोघींनी बघता बघता पेंढ्यांची सुडी रचली, आणि मला ताडपत्रीचा एक कोपरा धरायला दिला. तेवढ्यात वावटळ आली. आता पुढचं कुणी खरं मानत नाही, पण मी ताडपत्रीसकट उचललो गेलो. खाली मला आमचं रान दिसलं, मेहकरच्या देवळाचा कळस दिसला, लोणारकडं जाणारी गाडी दिसली, तिच्यात बसायला जागा होती हेही दिसलं. मग काकूनं खालून पाय ओढला.

"अहो भाऊ, कोपरा सोडू नोका!" एवढंच ती म्हणाली.

सुडी झाकली गेली. काकूनं बायकोला फडक्यानं तोंड पुसायला दिलं, भाकरीचा अर्धा तुकडा दिला, दोघींनी बांधावर बसून ठेचा लावून खाल्लं. म्हशीचं बोलल्या, सुनेचं बोलल्या, लाइट कोणत्या वेळेला येते त्याचं बोलल्या. मी शेजारी बसून वाट पाहत होतो की आता निघेल विषय, आता निघेल. निघालाच नाही.

वाटेत मी म्हणालो, "अवं, मताचं काऊन नाही बोलली?"

"माल ओला होऊन राह्यला होता तिचा. तवा मत मागू?" बायको म्हणाली.

आता ड्रायव्हरचं ऐका. उपसरपंचानं सगळ्यांचे मोबाईल जमा केले, पण ड्रायव्हरचा घ्यायचा राहिला. ड्रायव्हर आमच्याच गावचा, आणि त्याला स्टेटस टाकायची भारी हौस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक मोबाईलवर एक फोटो उघडला. निळा समुद्र. समुद्रात गुडघ्यापर्यंत पँटी गुंडाळलेले आमचे सात नवसकरी. सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे गॉगल, हातात शहाळी, आणि मध्यभागी उपसरपंच एका फुगवलेल्या पिवळ्या बदकात बसलेला. बदकाच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते मी शब्दांत सांगू शकत नाही. त्या बदकानं आयुष्यात एवढं वजन पाहिलं नव्हतं.

काकूच्या सुनेनं तो फोटो काकूला दाखवला. काकू तेव्हा मळणीच्या मशीनवरून आली होती, केसांत भुसा होता. तिनं मोबाईल जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"तिरुपतीले समुद्र कवा आला वं?" तिनं सुनेला विचारलं.

काकू म्हशीला चारा टाकायला गेली.

ड्रायव्हरच्या बायकोनं ड्रायव्हरला फोन केला, ड्रायव्हरनं उपसरपंचाला सांगितलं, आणि गोव्याच्या वाळूवर सात माणसांची बैठक बसली. नवसाचा पुरावा पाहिजे. एकानं लाडू सुचवले, पण लाडू तिरुपतीचे आहेत हे लाडू स्वतः कसे सांगतील? शेवटी उपसरपंचानंच तोडगा काढला. गावात शिरायच्या आधी मेहकरच्या सलूनसमोर क्रूझर थांबली आणि सातही जणांनी टकलं केली. सलूनवाला माझा ओळखीचा. तो म्हणाला, उपसरपंचाला केसांचा फार अभिमान, दर पंधरवड्याला काळे करायचा; पहिला वस्तरा लागला तेव्हा त्यानं डोळे घट्ट मिटले आणि "लोकशाही, लोकशाही" असं पुटपुटत राहिला. सात डोकी, दोन वस्तरे. त्यात वेळ गेला. घरी जायला, बायकांशी बोलायला, गॉगलाच्या खुणा पावडरीनं झाकायला वेळ उरलाच नाही. गाडी थेट पंचायतीसमोर.

बैठकीला तहसीलदार स्वतः आले होते. पुण्याकडचा तरुण माणूस, स्वच्छ बोलायचा, घड्याळ बघायचा. सारं गाव कडुलिंबाखाली जमलेलं. क्रूझरचं दार उघडलं आणि उन्हात एक टक्कल चमकलं, मग दुसरं, मग तिसरं. सात टकलं ओळीनं उतरली तेव्हा असा उजेड पडला की पंचायतीच्या भिंतीवरची पाल डोळे मिटून खाली आली. गावातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

तहसीलदारांनी क्षणभर पाहिलं. "कुणी वारलंय का?" त्यांनी हळू आवाजात ग्रामसेवकाला विचारलं.

"नाही साहेब. मेंबर आहेत."

सात जण पायऱ्या चढू लागले. दारात तहसीलदारांनी कागद पुढं धरला आणि एकेकाला नाव विचारलं. चार जण आत गेले. मग काका.

"आपण सदस्य आहात?"

"हाव."

"यादीत आपलं नाव नाही."

"बायकोच्या नावावर आहे साहेब. पन चालवतो मीच."

"ट्रॅक्टर नाहीये हो तो," तहसीलदार म्हणाले. "त्यांना पाठवा."

"आमीच येत असतो नेहमी! इचारा कोनालेबी!"

"मी विचारत नाही. विचारलं तर मला लिहावं लागेल. त्यांना पाठवा, तुम्ही झाडाखाली थांबा."

उपसरपंच आतून दारात आला आणि त्याच्या तोंडाचा रंग उतरला. आता कुठं त्याच्या लक्षात आलं असावं, की आपण मोजताना डोकी मोजली होती. तो इतकी वर्षं त्यांनाच मेंबर म्हणत आला होता, त्यात त्याची तरी काय चूक? सारं गावच म्हणत होतं.

पाचही बाया आत गेल्या. काकू इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती. पंचायतीत पहिल्यांदाच जात होती, तर चप्पल दाराबाहेर काढली आणि उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. शिपायानं तिघा नवऱ्यांना झाडाखाली पिटाळलं, आणि मीही नवराच, म्हणून मलाही त्यांच्यात उभं केलं. तीन टकलं आणि एक मी.

"तुमचं राह्यलं वाटते," शिपाई माझ्या डोक्याकडं पाहून म्हणाला.

तिथून खिडकीतून आतलं दिसत होतं. तहसीलदारांनी ठराव वाचला. सरपंचांना काही बोलायचं आहे का, विचारलं. बायको उभी राहिली. मी तिला रात्रभर भाषण पाठ करून दिलं होतं, त्यात अमेरिका होती, घटना होती, दोन तृतीयांश होते. ती म्हणाली, "बसथांबा बसायसाठी आहे. बाकी काही नाही," आणि बसली. माझं सारं भाषण त्या एका ओळीत विरघळलं.

"ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

चार हात वर गेले. पाऊणवाल्यानं तर उत्साहानं दोन्ही केले. तहसीलदारांनी एक खाली घ्यायला लावला. माझ्याशेजारी तिघे नवरे टाचा उंचावून खिडकीकडं बघत दोन्ही हात आभाळात नाचवू लागले. "वर कर! वर कर वं!" असं काका ओरडला, पण गावातल्या पोरांना वाटलं नवसाची कवायत आहे, त्यांनीही हात वर केले, आणि सारं झाडाखालचं गाव हात वर करून उभं राहिलं. आत आवाज कुणाला जाणार?

काकूची नजर खिडकीबाहेर गेली. तिला आपला नवरा दिसला, त्याचे हात दिसले, मग त्याचं डोकं दिसलं. आणि तिचा हात हळूहळू वर यायला लागला. काकानं माझ्या पाठीवर थाप मारली. माझं काळीज पायाच्या अंगठ्यात उतरून तिथं उडू लागलं. हात खांद्यापर्यंत आला. कानापर्यंत आला. आणि काकूच्या डोक्यावर जाऊन थांबला. तिनं आपल्या केसांवरून हात फिरवला आणि खिडकीतून भुवया उडवून खूण केली, केस कुठी गेले?

काकाचे दोन्ही हात आपोआप स्वतःच्या टकलावर आले.

दुसऱ्या दोघींनी काकूकडं पाहिलं आणि हात पदरातच ठेवले.

"चार," तहसीलदार म्हणाले.

"साहेब, पुन्हा मोजा," उपसरपंच म्हणाला.

"चार पुन्हा मोजले तरी चारच भरतात. सात हवेत. ठराव फेटाळला."

गावानं जी आरोळी ठोकली ती ऐकून मेहकरची गाडी वेळेच्या आधी आली, असं मी सगळ्यांना सांगतो. कॉलेजच्या पोरी पळत जाऊन बाकावर बसल्या, गाडीत न चढता नुसत्याच. बायको बाहेर आली, मला म्हणाली, "चहा टाकते," आणि चालू लागली. तिचे डोळे भरले होते, म्हणून मी मुद्दाम मागं राहिलो.

पायऱ्यांवर काकू चप्पल घालत होती. उपसरपंच तिच्यापुढं येऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज माणसासारखा निघाला.

"काकू, तुमची सही होती. हात काऊन नाही वर केला?"

"मले कोनी इचारलंच नाही," काकू म्हणाली.